दोन दिवसांत तीन हस्तकला: मुंबईकर मित्रमंडळींच्या शनिवार-रविवारसाठी सविस्तर मार्गदर्शक

मित्रमंडळींनी शनिवार-रविवारी एकत्र जमून एकमेकांना हस्तकला शिकवायची, अशी कल्पना निघाली की पहिली चर्चा जागेची होते, दुसरी जेवणाची, आणि काय करायचे हे बहुधा गाडीत बसल्यावर ठरते. प्रत्यक्षात हा क्रम उलटा असायला हवा, कारण हस्तकलेच्या वेळापत्रकावर माणसांपेक्षा साहित्याचा अधिकार जास्त चालतो. कापड किती वेळ भिजले पाहिजे, खळ किती तासांत धरते, रंग कधी वाळतो, यांची उत्तरे कोणाच्याही उत्साहाने बदलत नाहीत. म्हणून या लेखातील आखणी प्रतीक्षेच्या वेळांवर उभारली आहे. एक काम भिजत किंवा वाळत असताना दुसरे हातात असावे, आणि रविवारी दुपारी दोननंतर कोणतेही ओले काम शिल्लक राहू नये, हे त्यातील मुख्य सूत्र आहे.

हिशेब आठ जणांचा धरला आहे. त्यांपैकी दोघे किंवा तिघे शिकवणारे आणि बाकीचे शिकणारे; जो एक कला शिकवतो तो दुसरी शिकायला बसतो. आठाहून अधिक माणसे झाली की रंगाच्या भांड्यांभोवती गर्दी होते आणि एका शिकवणाऱ्याचे सगळ्यांच्या हातांकडे लक्ष राहत नाही.

कोणत्या कला घ्याव्यात आणि कोणत्या सोडाव्यात

नवशिक्या माणसाने हाती घेतलेली वस्तू रविवारी संध्याकाळपर्यंत पूर्ण होऊ शकते का, ही निवडीची एकच कसोटी पुरेशी आहे. या कसोटीवर अनेक आकर्षक पर्याय गळतात. शाडूची मूर्ती किंवा भांडे दोन दिवसांत नीट वाळत नाही, आणि घाईने उन्हात ठेवले तर तडकते. कुंभाराच्या चाकावर हात बसायलाच काही महिने लागतात. कागदाच्या लगद्याच्या वस्तूंना थरामागून थर वाळवावे लागतात. रेझिनला घट्ट होण्यासाठी किमान एक दिवस लागतो, शिवाय त्याचा वास आणि वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नसते.

वारली चित्रकला वेळेच्या कसोटीवर उत्तम उतरते, कारण तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग गेरूच्या पार्श्वभूमीवर पटकन वाळतो. तिच्याबाबतीत प्रश्न वेगळा आहे. डहाणू-तलासरी-जव्हार परिसरातील ही कला आजही तेथील कुटुंबांच्या हातात आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, या कलेला भौगोलिक मानांकनही आहे, आणि लग्नातील चौकाचे चित्र हा तेथे विधीचा भाग असतो. ती शिकायची असेल तर त्या भागातील कलाकाराला योग्य मानधन देऊन बोलवावे. आपल्यापैकी कोणी मोबाइलवर चित्रफीत पाहून इतरांना शिकवणे मला योग्य वाटत नाही.

या लेखात तीन कामे घेतली आहेत: नैसर्गिक रंगांनी कापड रंगवणे, हाताने शिवलेली वही आणि गोधडीच्या धावदोऱ्याने शिवलेले लहान आसन. तिन्ही एकमेकांत गुंततात. रंगवलेल्या कापडाचे वहीला वेष्टण होते आणि ते धावदोऱ्यानेच शिवले जाते.

ऋतू, जागा आणि प्रवास

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निर्विवादपणे सर्वांत चांगला. पावसाळ्यात हे शिबिर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जुलैच्या हवेत मुंबईत रुमालसुद्धा दोन दिवस दमट राहतो, खळीला बुरशी येते आणि कागद लाटांसारखा फुगतो. ऑक्टोबरचा शेवट चालतो, आणि दसरा-दिवाळीनंतर तोरणांचा झेंडू भरपूर मिळतो, हा त्याचा मोठा फायदा आहे.

जागा ठरवताना खोल्यांच्या छायाचित्रांपेक्षा पुढील गोष्टी विचाराव्यात. आठ जण मांडी घालून बसतील अशी छताखालची ओसरी किंवा पडवी आहे का, बाहेर मोकळ्या हवेत गॅसची शेगडी किंवा चूल मांडता येईल का, कपडे वाळत घालायला ऊन लागणारी जागा आहे का, आणि रंगाचे पाणी कुठे ओतायचे. शेवटचा प्रश्न जागेच्या मालकाला आधीच विचारला नाही तर पांढऱ्या फरशीवरून नंतर वाद होतो. जमिनीवर अंथरायला जुने फ्लेक्सचे बॅनर आणावेत. मुंबईत ते कोणत्याही मंडळाकडे आनंदाने मिळतात, पाणी पलीकडे जाऊ देत नाहीत आणि धुऊन पुन्हा वापरता येतात.

कर्जत-नेरळ परिसर बहुतेकांना सोयीचा पडतो, कारण सकाळी मुंबईहून कर्जतकडे जाणारी लोकल गर्दीच्या उलट दिशेने धावते. पिशव्या, पातेली आणि कागदाचे गठ्ठे मात्र एखाद्याच्या गाडीतून पाठवावेत. गॅसचा सिलिंडर किंवा रॉकेल लोकलमधून नेण्यास मनाई आहे, त्यामुळे शेगडीची व्यवस्था तेथेच असली पाहिजे. अलिबागकडे जायचे असल्यास भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीत गाडी चढवता येते, म्हणजे सामानाचा प्रश्न एकदम सुटतो. शहराबाहेर जाणे कोणालाच जमत नसेल तर सोसायटीची गच्ची आणि खालचा हॉल मिळूनही हेच वेळापत्रक पाळता येते, फक्त रात्री सगळे आपापल्या घरी जातात आणि सकाळी वेळेवर येत नाहीत, एवढा तोटा गृहीत धरावा.

खरेदी

खरेदीसाठी किमान दोन आठवडे आधीचा कामाचा दिवस ठेवावा, कारण दक्षिण मुंबईतील घाऊक बाजार रविवारी बहुतांशी बंद असतात. एका फेरीत सगळे मिळते. मंगळदास मार्केटमध्ये मांजरपाट घ्यावा. 36 इंची पन्ह्याचा, बिनब्लीचचा, माणशी सव्वा मीटर, आणि आटण्याचा विचार करून एकूण 11 मीटर. कापडात पॉलिस्टरची भेसळ असेल तर नैसर्गिक रंग धरत नाही. एक दोरा काढून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळून मऊ राख ठेवतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

तेथून क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रेहमान स्ट्रीट चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. वहीसाठी 90 ते 100 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) मॅपलिथो किंवा कार्ट्रिज कागद, मुखपृष्ठासाठी 250 ते 300 जीएसएमचा जाड कागद, टोचा, मोठ्या नेढ्याच्या सुया, मेणाचा तुकडा आणि जाड सुती किंवा लिननचा दोरा या भागात मिळतो. थोडा अधिक खर्च करण्याची तयारी असेल तर मुखपृष्ठाला हातकागद वापरावा. पुण्याच्या, 1940 मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा कागद हाताला वेगळाच लागतो आणि घडीवर फाटत नाही.

हिरड्याची पूड, मंजिष्ठा (लाल रंग देणारी मुळी), तुरटी आणि हिराकस (लोहाचा क्षार) काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. मसजिद बंदरच्या बाजूला अशी दुकाने आहेत, आणि दादर किंवा गिरगावातही जुने काष्ठौषधीवाले आहेत. कांद्याची सालं विकत घेऊ नयेत. कोपऱ्यावरच्या कांदे-बटाटेवाल्याला आठवडाभर आधी सांगून ठेवले की तो पोत्याच्या तळाशी साचलेली सालं पिशवी भरून देतो आणि कशाला हवीत म्हणून चौकशीही करतो. झेंडू दादरच्या फूलबाजारात पहाटे स्वस्त मिळतो, आणि संध्याकाळी उरलेला माल त्याहून स्वस्त मिळतो. रंगासाठी कोमेजलेले फूल पूर्ण चालते.

घरी करायची पूर्वतयारी

कोऱ्या मांजरपाटाला कांजी असते आणि कापसाचे नैसर्गिक मेणही असते. ते निघाल्याशिवाय रंग आत शिरत नाही, आणि निघायला वेळ लागतो, म्हणून हे काम दोघांनी आधीच्या आठवड्यात घरी उरकावे. सुमारे 20 लिटर पाण्यात 20 ते 30 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा सौम्य साबण घालून कापड तासभर उकळावे. पाणी पिवळट तपकिरी होते. ते ओतून कापड स्वच्छ पाण्यात खळखळून धुवावे आणि पाणी फारच गढूळ निघाले असेल तर पुन्हा एकदा उकळावे. वाळल्यावर कापडावर पाण्याचा थेंब टाकावा. तो वर न थांबता तत्काळ शोषला गेला तर कापड तयार आहे.

नंतर माणशी रुमालासाठी एक 90 सेंटिमीटरचा चौकोन आणि वहीच्या वेष्टणासाठी उरलेली पट्टी असे तुकडे कापून, कडेला प्रत्येकाच्या नावाची खूण दोऱ्याने घालावी, कारण पेनची खूण रंगात नाहीशी होते. सगळे तुकडे कोरडे असताना वजन करून ते लिहून ठेवावे. आठ जणांचे मिळून साधारण एक किलो भरते. पुढचे प्रत्येक प्रमाण या आकड्यावरून काढायचे आहे.

गोधडीच्या आसनासाठी घरोघरच्या जुन्या सुती साड्या, धोतरे, चादरी गोळा करून त्यांचे 32 सेंटिमीटरचे चौकोन कापावेत. प्रत्येकी चार थर: वरचा, खालचा आणि आत दोन. वहीचे कागदही आधीच कापून ठेवावेत. प्रत्येकाच्या नावाची एक पिशवी करून त्यात कागद, दोरा, सुई आणि चौकोन भरले की शनिवारी सकाळचा तास-दीड तास वाचतो. तो वेळ कात्री शोधण्यात जाऊ नये.

शनिवार सकाळ: हिरडा आणि वही

पोहोचल्यावर चहाच्या आधी पाणी तापत ठेवावे. सुती धाग्याला रंग धरून ठेवण्यासाठी आधी टॅनिन, म्हणजे हिरड्यात असते तसे तुरट द्रव्य, आणि मग तुरटी लागते. लोकर आणि रेशीम प्राणिज असल्याने तुरटी थेट घेतात, कापूस घेत नाही, म्हणून आपल्याकडे हिरड्याच्या वापराची परंपरा आहे. एक किलो कापडासाठी 150 ते 200 ग्रॅम हिरड्याची पूड आधी थोड्या कोमट पाण्यात कालवून गुठळ्या मोडाव्यात, मग 20 लिटर कोमट पाण्यात मिसळावी. भिजवून पिळलेले कापड त्यात सोडावे आणि दीड ते दोन तास ठेवावे. दर दहा-पंधरा मिनिटांनी कोणीतरी ते काठीने वरखाली करावे, नाहीतर घड्यांवर डाग पडतात. या कामाची पाळी लावावी. बाहेर काढल्यावर कापड फिकट पिवळसर दिसते. ते फक्त पिळावे, धुऊ नये.

येथील पाण्याबद्दल एक सूचना महत्त्वाची आहे. मुंबईचे नळाचे पाणी तलावांचे असते आणि रंगकामाला बरे पडते. गावाकडे बोअरवेलच्या पाण्यात लोह असेल तर हिरड्याशी संयोग होऊन कापड राखाडी पडते आणि पिवळा रंग मंदावतो. चाचणी सोपी आहे. वाटीभर पाण्यात चिमूटभर हिरडापूड टाकावी. पाणी काळसर झाले तर विहिरीचे किंवा गाळलेले पाणी मागवावे.

कापड हिरड्यात असताना वही शिकवायला घ्यावी. ए4 आकाराचे सहा कागद मधोमध घडी घालून एकात एक बसवले की 24 पानांचा एक जुज तयार होतो. बाइंडर मंडळी अनेक जुज एकमेकांना शिवून जाड पुस्तक करतात, त्याला जुजबंदी म्हणतात. पहिल्या दिवशी एका जुजाचीच वही करावी. दुमडताना कागद सहज वाकतो ती दिशा कण्याला समांतर असावी, हा बाइंडरांचा नियम आहे. दुकानातून आलेल्या ए4 कागदात तसे सहसा होत नाही, पण एवढ्या पातळ वहीला त्याने बिघडत नाही.

जाड कागदाचे मुखपृष्ठ बाहेरून बसवून घडीच्या आतल्या बाजूने तीन छिद्रांच्या खुणा कराव्यात: एक बरोबर मध्यावर आणि दोन वरून व खालून तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर. खाली जाड पुठ्ठा किंवा जुने मासिक ठेवून टोच्याने सरळ छिद्रे पाडावीत. दोरा वहीच्या उंचीच्या अडीचपट, म्हणजे सुमारे 55 सेंटिमीटर घ्यावा आणि मेणावरून दोनदा ओढावा. आता सुई आतून मधल्या छिद्रातून बाहेर काढावी आणि शेवटाचा चार-पाच बोटे दोरा आत सोडावा. बाहेरून वर जाऊन वरच्या छिद्रातून आत यावे. आतून मधले छिद्र ओलांडून थेट खालच्या छिद्रातून बाहेर जावे. शेवटी बाहेरून परत मध्यावर येऊन मधल्याच छिद्रातून आत शिरावे. आत मध्यावर एक लांब उभा दोरा दिसेल. दोऱ्याची दोन टोके त्याच्या दोन बाजूंना घेऊन त्यावर घट्ट गाठ मारावी. ओढताना दोरा कण्याच्या दिशेने, कागदाला समांतर ओढावा. वर उचलून ओढला की छिद्र फाटते, आणि नवशिक्याचा कागद हमखास येथेच फाटतो.

शिकवण्याची पद्धत

हे सगळे स्वतःला येणे आणि दुसऱ्याला देणे यांत बरेच अंतर असते, आणि मित्रांना शिकवताना ते आणखी वाढते, कारण मित्र ऐकत नाहीत, गप्पा मारतात. तेव्हा तोंडी समजावणे कमीत कमी ठेवावे. शिकवणाऱ्याने घरून टप्प्यांचे नमुने करून आणावेत: एक फक्त दुमडलेला, एक छिद्रे पाडलेला, एक अर्धा शिवलेला, एक पूर्ण. ते पुठ्ठ्यावर लावून मध्ये ठेवले की ज्याचे लक्ष सुटले होते तो स्वतःच पाहून पुढे जातो.

शिकणाऱ्याच्या समोर न बसता शेजारी बसावे. समोर बसून दाखवलेली शिलाई त्याला उलटी दिसते आणि तो ती मनात फिरवत बसतो. डावखुऱ्या व्यक्तीला मात्र समोरच बसवावे, कारण तिला आरशातली प्रतिमाच उपयोगी पडते. एका वेळी एकच सूचना द्यावी, आणि ती सर्वांनी केल्याशिवाय दुसरी उच्चारू नये.

यापेक्षा कठीण नियम असा की दुसऱ्याच्या हातातील काम आपल्या हातात घेऊ नये. "दे इकडे, मी करून देते" हे वाक्य अतिशय प्रेमाने म्हटले जाते आणि त्याने शिकणे तेथेच थांबते. शिकवणाऱ्याच्या हातात स्वतःचा वेगळा तुकडा कायम असावा, म्हणजे दाखवायचे ते त्यावर दाखवता येते. चूक झाली तर ती पुढच्या कामाला अडथळा आणणारी आहे का, एवढेच पाहावे. टाका वाकडा आला तर राहू द्यावा, दोरा चुकीच्या छिद्रातून गेला असेल तर उसवायला लावावा.

वेळेचा अंदाज बांधताना शिकवणाऱ्याने घरी घड्याळ लावून वस्तू करून पाहावी आणि लागलेल्या वेळाची तिप्पट नवशिक्यासाठी धरावी. तरीही दोघे आधी संपवतील आणि दोघे मागे राहतील. आधी संपवणाऱ्यांना सुया ओवायला किंवा हिरड्याचे कापड हलवायला पाठवावे, मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर उभे करू नये. चाळिशी ओलांडलेल्यांच्या गटात बहुतेकांना सुई ओवताना चष्मा लागतोच. सुई ओवायचे तारेचे साधन आणि चांगल्या प्रकाशाचे दोन दिवे सोबत असावेत. वीज जाण्याची शक्यता धरून ते बॅटरीवर चालणारे असतील तर उत्तम.

जो शिकवतो त्याच्याकडून साहित्याची वर्गणी घेऊ नये आणि त्याला स्वयंपाकाची पाळी लावू नये. हे पहिल्या दिवशी मोकळेपणाने सांगून टाकले की कोणाला अवघडायला होत नाही.

शनिवार दुपार आणि संध्याकाळ

जेवणानंतर 150 ग्रॅम तुरटी थोड्या कडकडीत पाण्यात पूर्ण विरघळवून ती 20 लिटर गरम पाण्यात मिसळावी आणि हिरड्यातून पिळलेले कापड त्यात घालावे. पहिला तासभर ते हलवत राहावे, मग झाकून रात्री जेवणापर्यंत तसेच सोडावे. याच वेळी रंगाची पातेलीही चुलीवर चढवावीत. तीन रंगांसाठी तीन स्टीलची पातेली, प्रत्येकी दहा-बारा लिटरची, हवीत. लोखंडी कढई रंग काळवंडते आणि ॲल्युमिनियमही रंगावर परिणाम करते. या पातेल्यांत पुन्हा स्वयंपाक करायचा नाही, म्हणून ती भंगारवाल्याकडून किंवा जुन्या बाजारातून आणावीत आणि त्यांवर ठळक खूण करावी.

कापडाचे तीन सारखे भाग धरल्यास प्रत्येक भाग सुमारे 350 ग्रॅमचा होतो. त्यासाठी कांद्याची सालं 150 ते 200 ग्रॅम, म्हणजे मोठी पिशवी दाबून भरेल इतकी. ताजा झेंडू दोन किलोच्या आसपास, पाकळ्या देठापासून वेगळ्या केलेला. आणि मंजिष्ठा 150 ग्रॅम. पहिली दोन पातेली तासभर मंद उकळू द्यावीत आणि मग गाळून झाकून ठेवावीत. मंजिष्ठा उकळायची नसते. ती फक्त कोमट पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी.

हळद वापरावी असे कोणीतरी सुचवेलच. ती विनासायास पिवळी करते, पण उन्हात काही दिवसांत उडते आणि साबण लागताच लाल होते. मुलांना गंमत म्हणून दाखवायला ठीक आहे, रुमालासाठी घेऊ नये.

दुपारची उरलेली वेळ गोधडीची. चार थर एकावर एक ठेवून मोठ्या कच्च्या टाक्यांनी उभे-आडवे पक्के करावेत, कडा आत दुमडाव्यात आणि कडेपासून धावदोरा सुरू करून चौकटीत चौकट घालत मध्याकडे यावे. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असला की पुरे, दोन ओळींत एक बोट अंतर ठेवावे, आणि दोरा हाताच्या लांबीपेक्षा मोठा घेऊ नये, नाहीतर गुंता सोडवण्यात ओळ शिवण्याइतका वेळ जातो. गाठ दोन थरांच्या मध्ये लपवावी. आपल्या आज्या ज्या वाकळी शिवत त्यांना कित्येक दुपारी लागत. फूटभराचे आसन दोन बैठकांत होते, आणि दुसरी बैठक रविवारी दुपारी आहे.

रात्री जेवणानंतर कापड तुरटीतून काढून एकदा हलके धुवावे आणि ओले असतानाच बांधायला घ्यावे. बांधणीचे तत्त्व एवढेच की जेथे दोरा घट्ट असतो तेथे रंग पोचत नाही. हरभरे किंवा चिंचोके कापडात गुंडाळून दोऱ्याने करकचून बांधले की लहान वर्तुळे येतात. कापडाची पंख्यासारखी घडी घालून दोन लाकडी पट्ट्यांत आवळली की चौकटी येतात. दोऱ्याचे दहा-बारा वेढे घट्ट द्यावेत. ढिला दोरा हे फसलेल्या बांधणीचे नेहमीचे कारण आहे. हे काम गप्पांना सर्वांत पोषक आहे, म्हणूनच ते रात्रीला ठेवले आहे. बांधलेली कापडे ओलसर राहतील अशी बादलीत झाकून ठेवावीत.

रविवार सकाळ: रंग

सात वाजता पातेल्यांखाली विस्तव पेटला पाहिजे. कापड सैल फिरेल इतके, म्हणजे साधारण सात-आठ लिटर पाणी प्रत्येक पातेल्यात असावे. कांद्याच्या सालीचा आणि झेंडूचा रंग हळूहळू तापवत मंद उकळीपर्यंत नेऊन पाऊण ते एक तास ठेवावा. मंजिष्ठेचे पातेले 60 ते 70 अंशांच्या वर जाऊ देऊ नये. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास वापरावा, नसल्यास पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसू लागताच विस्तव कमी करावा. तापमान वाढले की तिचा विटकरी लाल रंग तपकिरीकडे झुकतो. विस्तव बंद केल्यावर कापड त्याच पाण्यात कोमट होईपर्यंत राहू द्यावे. या शेवटच्या तासात रंग चांगला गडद होतो, आणि लोकांना नेमकी याच वेळी ते बाहेर काढून पाहण्याची घाई असते.

कांद्याच्या सालीतून सोनेरी तांबूस, झेंडूतून उबदार पिवळा आणि मंजिष्ठेतून विटकरी छटा मिळते. ज्यांना गडद छटा हव्यात त्यांच्यासाठी हिराकसची वेगळी बादली ठेवावी: एका भागाच्या कापडाला पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, पुरतो. पिवळे कापड त्यात पाच मिनिटे बुडवले की शेवाळी हिरवट होते. प्रमाण वाढवू नये, जास्त लोहाने सुती धागा कालांतराने कमकुवत होतो. हिराकस हाताळताना हातमोजे घालावेत, ते मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि त्या बादलीतील काठी दुसऱ्या पातेल्यात गेली तर तो रंग मळकट होतो, हे सर्वांना बजावावे.

गाठी सोडण्यापूर्वी कापड एकदा धुवावे. कात्रीने दोरा कापताना कापडालाही छेद जातो, म्हणून बारीक टोकाच्या कात्रीने गाठीचा वरचा वेढा तेवढा कापावा. उघडल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुऊन कापड सावलीत, वारा लागेल अशा जागी पसरावे. थंडीच्या कोरड्या हवेत पातळ मांजरपाट दोन-अडीच तासांत वाळतो.

उरलेले रंगाचे पाणी मालकाने दाखवलेल्या जागी, झाडांच्या बुंध्यापासून दूर, भरपूर पाणी घालून पातळ करून ओतावे. विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये. सालं आणि पाकळ्यांचा चोथा खतात चालतो.

रविवार दुपार: वेष्टण आणि परतीची तयारी

जेवणानंतर उरलेले काम कोरडे आहे. वाळलेली पट्टी इस्त्री करून किंवा हाताने ताणून 42 बाय 24 सेंटिमीटरचा तुकडा कापावा. चारही कडा एकेक सेंटिमीटर आत दुमडून धावदोऱ्याने शिवाव्यात, मग दोन्ही टोके पाच-पाच सेंटिमीटर आत वळवून वर-खाली शिवली की शाळेच्या वहीच्या कव्हरसारखे खिसे तयार होतात. मुखपृष्ठाच्या दोन्ही बाजू त्यांत सरकवल्या की वही झाकली जाते. येथे खळ किंवा फेव्हिकॉल मुद्दाम टाळला आहे. कापड चिकटवले तर ते रात्रभर वजनाखाली दाबून ठेवावे लागते, नाहीतर पुठ्ठा वाकतो, आणि आपल्या हाती ती रात्र उरलेली नसते. कोणाला जाड पुठ्ठ्याची बांधणी करायचीच असेल तर त्याने शनिवारी दुपारीच चिकटवून, पाण्याच्या भरलेल्या कॅनखाली रात्रभर दाबावे.

चारच्या सुमारास सुया मोजाव्यात. ओसरीवर विसरलेली सुई पुढच्या पाहुण्याच्या पायात जाते. आसन अपुरे राहिलेल्यांना दोऱ्याची एक गुंडी आणि सुई द्यावी. खर्चाचा हिशेब तेथेच, सर्वांसमोर, साहित्य, जागा आणि जेवण असे तीन भाग करून मांडावा. नंतर मोबाइलवर पाठवलेला हिशेब कोणी उघडत नाही. प्रत्येकाच्या पिशवीत कोणत्या रंगाने कापड रंगवले आणि त्यात हिराकस होते का, याची चिठ्ठी टाकावी, कारण घरी गेल्यावर पुढचे धुणे त्यावरच अवलंबून असते. पहिले आठ-दहा दिवस कापड धुऊ नये. त्यानंतर सौम्य साबणाने, गार पाण्यात आणि पहिल्या दोन-तीन वेळा वेगळे धुवावे, आणि लिंबू किंवा खाण्याचा सोडा लागू देऊ नये, कारण आम्लाने आणि अल्कलीने नैसर्गिक रंगाची छटा बदलते.